अंगठा लागला नाही, तर जबाबदार कोण?

मागे एकदा गावाकडच्या रेशन दुकानात रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक आजी. आयुष्यभर खुरपणी-कापणी केलेले हात. दुकानदाराने मशीन पुढे केलं, आजींनी अंगठा ठेवला, मशीनने नाकारला. "मावशी, बोट पुसा अन् परत ठेवा." त्यांनी पदराला पुसला. तरी नाही. मग त्याने ओलं फडकं दिलं. मागून कोणीतरी सुचवलं, केसांवरून फिरवा, तेलाच्या बोटाने लागतं कधी कधी. एकेक करत दहाही बोटं झाली. शेवटी "उद्या सकाळी या, सकाळी रेंज बरी असते" असं सांगून त्याने पुढच्याला हाक मारली. आजींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, काखेत धरली आणि निघाल्या.

दुकानातले सगळेजण आजींना ओळखत होते. दुकानदाराला तर त्यांच्या सुनेचं माहेरसुद्धा माहीत होतं. या बाई त्याच आहेत याबद्दल तिथल्या एकाही माणसाला शंका नव्हती. शंका फक्त मशीनला होती, आणि चाललं मशीनचंच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या नीतीबद्दल परिषदांमधून बरंच बोललं जातं. न्याय्यता, पारदर्शकता, गोपनीयता, उत्तरदायित्व असे जड शब्द असतात. मला ते शब्द या दुकानाच्या फळीवर ठेवून पाहायचे आहेत. आपल्यासारख्या देशात त्यांचा अर्थ तिथेच लागतो, असं माझं मत आहे.

आधी मशीन काय करतं ते पाहू. ठसा जुळवणारी यंत्रणा "हीच ती बाई" असं थेट ओळखत नाही. नोंदवलेला जुना ठसा आणि आत्ताचा ठसा यांत किती सारखेपणा आहे, याचे ती गुण देते. कुठल्यातरी कार्यालयात कोणीतरी आधीच एक रेषा ठरवून ठेवलेली असते. रेषेच्या वर गुण मिळाले तर पास, खाली तर नापास. रेषा वर सरकवली की तोतया आत शिरण्याची शक्यता घटते, पण झिजलेल्या बोटांची खरी माणसंही बाहेर राहतात. खाली सरकवली की उलटं होतं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेषा नसते.

म्हणजे रेषा कुठे ओढायची हे नुसत्या गणिताने ठरत नाही. तोतयाने पाच किलो धान्य नेणं अधिक वाईट, की खऱ्या हक्कदाराने रिकाम्या हाताने परतणं अधिक वाईट, हे आधी कोणीतरी ठरवतो आणि मग आकडा घालतो. तोच नीतीचा निर्णय. शिवाय ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ऊसतोड करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे ठसे पुसट होतात. कार्यालयात बसून रेषा ठरवणाऱ्याचा अंगठा मात्र सहसा लागतो.

अंगठ्याच्या मशीनला कोणी एआय म्हणत नाही, हे खरं. पण नमुना ओळखायचा, गुण द्यायचे आणि त्यावरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा, ही रीत तीच आहे. आता बोटाच्या जागी चेहरा आला आहे, नाव-पत्त्यांची जुळवाजुळव आली आहे, कर्ज द्यावं की नाही याचा अंदाज आला आहे.

नीतीच्या याद्या जगात भरपूर आहेत. युनेस्कोची शिफारस नोव्हेंबर २०२१ मध्ये १९३ सदस्य देशांनी स्वीकारली. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. आपल्या निती आयोगानेही २०१८ मध्ये राष्ट्रीय धोरणाचा मसुदा मांडला आणि २०२१ मध्ये जबाबदार एआयची तत्त्वं दिली. यांतले शब्द चुकीचे नाहीत. पण ते ज्या अनुभवातून प्रथम घडले, त्या समाजात माणसाची जन्मतारीख नोंदलेली असते, नाव सगळ्या कागदांवर एकसारखं असतं, फोन ज्याचा त्याचा असतो आणि निर्णय पटला नाही तर दाद मागायला जागा असते. इतकं असूनही नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानावरून हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तिथल्या सरकारने राजीनामा दिला. आपल्याकडे यातल्या किती गोष्टी गृहीत धरता येतात?

तेलंगणाचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. त्या राज्याने 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा उभी केली. वाहन, मालमत्ता, वीजबिल अशा वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र आणायच्या आणि कोणती नोंद कोणत्या माणसाची हे संगणकाने जुळवायचं. रेशनकार्डधारकाच्या नावावर चारचाकी दिसली की तो गरीब नाही, असा हिशेब. हैदराबादमधल्या एका विधवेचं प्रकरण वार्तांकनातून पुढे आलं. तिचा नवरा रिक्षा ओढायचा. त्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेल्या भलत्याच माणसाची मोटार संगणकाने त्याच्या नावावर लावली आणि त्या कुटुंबाचं रेशन गेलं.

२०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डं रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश दिला. त्यानंतर तपासून झालेल्या सुमारे २ लाख अर्जांपैकी १५ हजारांहून अधिक पात्र निघाले. म्हणजे साडेसात टक्के. टक्केवारी म्हणून हा आकडा लहान वाटतो. पण एक कोटी कुटुंबांवर चालणारी यंत्रणा ९९ टक्के अचूक असली, तरी एक लाख कुटुंबांचा निकाल चुकतो. कोणत्याही यंत्रणेची अचूकता कोणी सांगितली, की मी आता शंभरातून ती वजा करते आणि उरलेल्याला माणसांच्या संख्येने गुणते.

नावं जुळवण्याचं हे काम आपल्या भाषांत किती अवघड आहे, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी 'डी'पासून लिहितो, कोणी 'जी'पासून. शेख हे आडनाव तर एकाच घरात तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. मग आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. आणि जन्मतारीख? माझ्या मागच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही, गुरुजींनी १ जून लिहून टाकली. एकच तारीख, मिळतीजुळती नावं, "मु. पो." एवढाच पत्ता. परदेशातल्या नोंदींवर चोख चालणारं गणित या आपल्या नोंदींवर आणून बसवलं, तर ते एका ज्ञानेश्वरची जमीन दुसऱ्याच्या नावावर दाखवणारच. दोष ज्ञानेश्वरचाही नाही आणि त्या गुरुजींचाही नाही.

यंत्रणेने एकदा चूक केली, की ती दुरुस्त करण्याचा भार कोणावर पडतो? हरयाणात रोहतक जिल्ह्यात १०२ वर्षांच्या एका आजोबांचं पेन्शन बंद झालं, कारण सरकारी नोंदीत ते मृत होते. अर्ज-विनंत्या करून उपयोग झाला नाही, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी नवरदेवासारखी वरात काढली, बँडबाजा लावून, "तुमचा फूफा (आत्याचा नवरा) अजून जिवंत आहे" असे हरयाणवी फलक घेऊन. त्यानंतर पेन्शन सुरू झालं. बातमी वाचून लोक हसले. मला ती हसण्यासारखी वाटली नाही. शंभरी ओलांडलेल्या माणसाला आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायला गाव गोळा करावा लागला. ज्याला वरात काढणं जमत नाही, तो काय करतो?

आता 'न्याय्यता' या शब्दाकडे येऊ. पाश्चात्त्य देशांत त्याची चर्चा मुख्यतः वर्ण आणि लिंग यांभोवती फिरते, आणि ती गरजेचीच आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. पण भारतात या दोहोंच्या जोडीला जात उभी असते, आणि जात चेहऱ्यावर दिसत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की अर्जातून जातीचा रकाना काढून टाकला की यंत्र निःपक्षपाती झालं. आपल्याकडे आडनाव विचारलं की पुढचं विचारावं लागत नाही, हे आपण सगळे जाणतो. आडनाव झाकलं तर गाव आहे, गावातली वस्ती आहे, शाळा आहे, बापाचा धंदा आहे. यंत्राला 'जात' हा शब्द शिकवायची गरजच नाही. कोणत्या वस्तीतल्या लोकांना आजवर कर्ज नाकारलं गेलं हे जुन्या नोंदींतून ते शिकतं आणि तेच पुढे चालवतं. बँकेतला अधिकारी पक्षपाती असेल तर निदान त्याचं तोंड तरी दिसतं.

याहून गंभीर गोष्ट पोलिसी नोंदींची. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण पारध्यांच्या पालावर आजही चोरी झाल्यावर पहिली गाडी येते, हे महाराष्ट्रात कोणाला नवीन नाही. संशयावरून उचललं, नोंद झाली. नोंद आहे म्हणून पुढच्या वेळी पुन्हा उचललं. आता समजा, गुन्हा कुठे घडेल याचा अंदाज बांधणारी यंत्रणा या नोंदींवर शिकवली. ती प्रामाणिकपणे सांगेल, या पालावर लक्ष ठेवा. तिच्या दृष्टीने ते सत्यच आहे, कारण आकडे तसेच आहेत. दीडशे वर्षांचा कलंक अशा रीतीने पुन्हा छापून निघेल, आणि यावेळी त्यावर 'शास्त्रीय' असा शिक्का असेल. युरोप-अमेरिकेतल्या कुठल्याही तपासणी यादीत भटक्या-विमुक्तांचा रकाना सापडणार नाही. तो आपल्यालाच घालावा लागेल, आणि घालताना त्या लोकांना जवळ बसवून विचारावं लागेल.

यंत्र चांगलं असूनही कसं अडतं, याचा धडा थायलंडमध्ये मिळाला. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम फोटोवरून ओळखणारी यंत्रणा गूगलने तयार केली. ती घडवताना मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासारख्या भारतीय संस्थांमधले फोटोही कामी आले होते. प्रयोगशाळेत ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीची ठरली. मग थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत ती प्रत्यक्ष वापरली गेली आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. परिचारिका रोजच्या धबडग्यात, पुरेसा अंधार करता न येणाऱ्या खोलीत फोटो काढत होत्या. सुमारे २१ टक्के फोटो यंत्राने "दर्जा नाही" म्हणून परत केले. इंटरनेट मंद, त्यामुळे रांग तुंबली. फोटो नाकारला गेला की रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात तज्ज्ञाकडे जायला सांगावं लागे. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय एसटीसारखं भाडं जातं. आपल्याला ते चित्र लगेच दिसतं, कारण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तेच घडेल. डोळा तपासण्यात यंत्र कमी पडलं नव्हतं. खोली, वीज, रेंज आणि रुग्णाचा खिसा कोणी मोजलाच नव्हता. त्या पाहणी करणाऱ्यांनी दवाखान्यात बसून परिचारिकांचं काम पाहिलं आणि जे दिसलं ते उघडपणे लिहिलं, हे मात्र मला मोलाचं वाटतं.

गोपनीयतेचं गणितही आपल्याकडे वेगळं आहे. "वापरकर्त्याची संमती घ्या" हे वाक्य एका माणसाचा एक फोन असं धरून चालतं. आपल्या घरांत फोन आईचा, मुलाच्या अभ्यासाचा, आणि तपासायचा हक्क नवऱ्याचा. त्या फोनवर बाईने गर्भपाताबद्दल किंवा मारहाणीबद्दल काही विचारलं, तर तिला धोका दूरच्या कंपनीकडून आधी नाही, घरातूनच आहे. तिला हवी ती गोपनीयता म्हणजे विचारलेलं एका बोटात पुसता येणं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विषयाच्या सूचना पडद्यावर न उगवणं. हा मुद्दा घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय कळत नाही.

अंगणवाडीचंही तसंच. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची सक्ती देशभर आली. नोंदणीच्या वेळी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल नवऱ्याकडे, नवरा कामावर, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. अंगणवाडी ताई फोन लावून ओटीपी विचारते. ज्या ताईने त्या बाईचं वजन दर महिन्याला केलं, तिच्या बाळंतपणाआधी घरी चकरा मारल्या, तिला "ही तीच" म्हणण्याचा अधिकार उरत नाही. समोरच्या दोन बायका एकमेकींना नावाने हाक मारतात आणि पडद्यावर मात्र गोल फिरत राहतं.

भाषेबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. संगणकात इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एका छोट्या मापात मावतं, देवनागरी अक्षराला सहसा किमान तीन लागतात. भाषेची यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात. ती घडवताना इंग्रजी मजकूर जास्त असल्याने मराठी शब्दाचे तुकडे बरेच जास्त पडतात, आणि तुकड्यांवर पैसे आकारले जातात. म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारणं महाग पडतं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते, तरी ही स्थिती. मग कोरकू किंवा कातकरी बोलणाऱ्याने काय करावं? शिवाय इंग्रजीतल्या साध्या वाक्याचं भाषांतर यंत्र बहुतेक वेळा "मी गेलो" असंच करतं. "मी गेले" त्याला सुचत नाही. माझ्यासारखीला ते दर वेळी टोचतं.

या यंत्रांना शिकवणारे हातही गरीब देशांतलेच असतात, हेही विसरू नये. केनियातल्या कामगारांनी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी पैशांत हिंसेचे, लैंगिक अत्याचाराचे मजकूर वाचून वेगळे काढले, हे जानेवारी २०२३ मध्ये उघड झालं. चॅटबॉट सभ्य बोलतो, त्यामागे नैरोबीतल्या कोणाचीतरी उडालेली झोप आहे. नीतीची चर्चा यांच्या पगारापासून सुरू झाली तर मला ती खरी वाटेल.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. "स्थानिक वास्तव" हा शब्द पळवाट म्हणूनही वापरला जातो. आपला देश गरीब, लोकसंख्या मोठी, इतके नियम आपल्याला परवडत नाहीत, आधी वापर वाढू द्या, चुका नंतर सुधारू. मला हे मान्य नाही. गरीब माणसाला चूक परवडत नाही, म्हणून आपल्याकडे नियम अधिक कडक हवेत. ज्याच्या घरात महिन्याचा किराणा भरलेला आहे त्याचं रेशन एक महिना चुकलं, तर त्याला कळणारही नाही.

मग काय मागायचं? मोठ्या गोष्टी नकोत. बंद करण्याआधी घरी जाऊन तपासा. तेलंगणात तपास झाला, पण न्यायालयाने सांगितल्यावर आणि कित्येक वर्षं गेल्यावर. नकार दिला तर कारण मराठीत, कागदावर, वाचता येईल अशा अक्षरात द्या. म्हणजे आजींचा नातू ते वाचून तहसीलला जाऊ शकेल. किती व्यवहार यशस्वी झाले हे आकडे जाहीर होतात. त्यांच्या शेजारी किती जण परत गेले हेही दुकानवार लावा. आणि सगळ्यात आधी, काउंटरवरच्या माणसाला यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार द्या, त्याची सही घेऊन.

यावर "मग भ्रष्टाचार होईल" असं उत्तर मिळतं. ती भीती खोटी नाही. दुकानदारांनी वर्षानुवर्षं धान्य लाटलं, म्हणूनच मशीन आलं आणि त्याने काही गळती थांबवली असेल. पण सही करणाऱ्याची तपासणी करता येते. एखाद्या दुकानात दर महिन्याला निम्मी कार्डं सहीवर जात असतील, तर तिथे अधिकारी पाठवता येतो. रिकाम्या हाताने परत गेलेल्या माणसाची मात्र कुठे नोंदच होत नाही. अशी वाट कागदावर आहेसुद्धा. आधार जुळलं नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नका, अशा प्रसंगांची वेगळी वही ठेवा, हे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. करोनाच्या काळात तर महाराष्ट्रात लाभार्थ्याऐवजी दुकानदाराने स्वतःचा अंगठा लावून धान्य द्यायची मुभा होती. त्या दिवसांत माणसाने माणसाला ओळखून, आपल्या अंगठ्यावर जबाबदारी घेऊन धान्य दिलं. साथ ओसरली आणि ती मुभा संपली.

त्या आजी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या, असं दुकानदाराने नंतर सांगितलं. सोबत नातू होता, कार्डावर त्याचंही नाव आहे. त्याचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. त्या दिवशी त्याची चाचणी परीक्षा होती, ती बुडाली.